कापूस आत, जाळ बाहेर

मांडवाच्या बरोबर मधोमध कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा पुरुषभर उंचीचा ढीग रचला होता. त्यापासून सहा पावलांवर रफिकभाई पिंजारी बसून कापूस पिंजत होते. छताला कडब्याच्या पेंढ्या लटकत होत्या. खाली सगळीकडे गोणपाट अंथरलं होतं. मी दारातच थबकलो. तीस वर्षं आगी विझवल्या, पण आगीची इतकी मन लावून केलेली तयारी पहिल्यांदाच पाहत होतो.

"कसं वाटलं, साहेब?" विनयभाऊंनी विचारलं.

"छान. पेटवणार कधी?"

"उद्घाटनाला. परवा अकरा वाजता."

मी थट्टा करत होतो. ते करत नव्हते.

आधी माझी ओळख सांगतो. मी मूळचा अमळनेरचा. नोकरी धुळ्याला, अग्निशमन दलात. स्टेशन ऑफिसर म्हणून रिटायर झालो आणि मुलाच्या आग्रहाखातर जळगावला राहायला आलो. घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात सुरक्षेच्या सूचना द्यायला लागलो, तेव्हा तिनेच मला बाहेर काम शोधायला लावलं. आता मी मांडव, मंगल कार्यालयं, प्रदर्शनं बघून सल्ला देतो. काय पेटू शकतं, पेटलं तर माणसं कुठून बाहेर पडतील, ते सांगायचं आणि कागदावर सही करायची. ती सही परवानगीच्या अर्जाला जोडतात. पहिल्या दोन गोष्टी कोणाला ऐकायच्या नसतात. सही मात्र सगळ्यांना तातडीने हवी असते.

विनयभाऊ आमच्या शेजारच्या कॉलनीच्या उत्सव समितीचे अध्यक्ष. टाइल्सचं मोठं दुकान आहे. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट भव्य लागते. त्या कॉलनीत दोन पिढ्यांत कोणाच्या पायाला ढेकूळ लागलेलं नाही, पण हिवाळ्यात कपाशी वेचून झाली, तूर काढणीला आली, की सगळ्यांना एकदम मातीची ओढ लागते. म्हणून यंदा 'सुगी हाट' भरवायचं ठरलं. तीन दिवसांचा बाजार. साक्रीकडच्या बांबूच्या टोपल्या, लाखेच्या बांगड्या, केळीच्या बुंध्याच्या सोपटाच्या पिशव्या, उडदाचे पापड, रजया. प्रवेशद्वाराला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब होते. मी हात लावून पाहिला. प्लास्टिकचे होते. जळगाव जिल्ह्यात केळीचं झाड मिळत नसेल तर मग बोलायलाच नको.

"खरे तीन दिवसांत सुकतात," विनयभाऊ म्हणाले.

मांडवाची सजावट पुण्याहून आलेल्या मृणाल मॅडमची. त्या स्वतःला संकल्पनाकार म्हणवतात. आमच्या काळी अशा माणसाला डेकोरेटर म्हणत आणि तो भांडी पण भाड्याने देई. मॅडमनी मला त्यांची संकल्पना समजावून सांगितली. नाव होतं, 'कपाशीचा प्रवास: मातीपासून मायेपर्यंत'. आधी कपाशीचं झाड, म्हणजे तो ढीग. मग कापूस, म्हणजे रफिकभाई. मग रजई, म्हणजे माया. आणि या सगळ्याच्या मध्ये भरीत.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या होतात. मोठी, हिरवी-पांढरी वांगी शेतात कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या जाळावर भाजतात. त्या झाडांना कोणी पऱ्हाट्या म्हणतं, कोणी काट्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आम्ही आजारी माणसाचं जेवण समजतो. आता ही पार्टी हाटात आणणं ठीक होतं. पण समितीला नुसतं भरीत नको होतं. त्यांना दीपप्रज्वलन जुनं वाटत होतं. पाहुण्यांनी समईऐवजी भरिताचा जाळ पेटवायचा, मांडवात, स्टेजसमोर, असं ठरलं होतं. मोबाइलवाल्यांना व्हिडिओ चांगला मिळणार होता.

मी विनयभाऊंना बाजूला घेतलं आणि आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. तिला फायर लोड म्हणतात. एखाद्या जागेत जळण्याजोगं एकूण किती सामान आहे त्याचा तो हिशेब. रिकाम्या खोलीत काडी पडली तर काडीच जळते. कडबा, गोणपाट, पऱ्हाट्या आणि पिंजलेला कापूस यांच्यात पडली तर पुढे काय होतं ते पाहायला आपण तिथे थांबत नाही. त्यातही कापसाचे दोन प्रकार. दाबून भरलेली गादी आतल्या आत, तासन्‌तास धुमसते. पिंजलेला सुटा कापूस मात्र वरच्यावर एकदम पेट घेतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत जाळ या टोकाहून त्या टोकाला पोचलेला असतो. धुळ्याला असताना हिवाळ्यात जिनिंगच्या आगींचे कॉल यायचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यांतल्या. मी तिथे उभा राहून हे पाहिलेलं आहे.

"साहेब, तुम्ही नेहमी निगेटिव्हच का बोलता?"

"तीस वर्षांत मला चांगली बातमी सांगायला कोणी फोन केला नाही, भाऊ."

"बरं, मग काय करायचं ते लिहून द्या. आम्ही सगळं करतो. पण सही आजच."

मी रिपोर्ट लिहिला. कडबा उतरवा. गोणपाट काढा. बाहेर जायची दोन दारं मोकळी ठेवा, तिथे सेल्फी पॉइंट नको. अग्निशामक सिलिंडर सहा. आणि शेवटी लिहिलं, की उघडा जाळ आणि कापूस यांच्यात किमान पंधरा मीटर अंतर हवं. माझ्या मनात अर्थातच जाळ बाहेर न्यायचा होता. ते इतकं उघड होतं की मी ते लिहिलंच नाही. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बघायला गेलो. चकित झालो. कडबा उतरलेला होता. गोणपाट गुंडाळून ठेवलेलं होतं. सिलिंडर सहाच्या सहा लटकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा रिपोर्ट वाचला होता. सिलिंडरच्या पिना लहान मुलांनी ओढू नयेत म्हणून त्यांना चिकटपट्टीचे आठ-दहा वेढे घातले होते, ते मी कात्रीने काढले. तेवढं चालायचंच.

मग मधोमध पाहिलं. पऱ्हाट्यांचा ढीग जागच्या जागी. आणि रफिकभाई नाहीत. त्यांच्या जागी पांढऱ्याशुभ्र कापसाचा डोंगर आणि वर पाटी, 'आमचं पांढरं सोनं'. मी एक पुंजका उचलून चोळला. हाताला गुळगुळीत लागला. कापूस नव्हताच तो. सोफ्याच्या उशीत भरतात तो सिंथेटिक धागा होता. तो जळताना वितळतो आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. कातडीला चिकटले की सुटत नाहीत.

रफिकभाई मला रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर सापडले. तिथे पार्किंग करायचं ठरलं होतं. एका टोकाला पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या शेजारी ताडपत्रीवर रजयांचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांना टेकून रफिकभाई. पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं ते लांबलचक धनुष्य, टँकरच्या चाकाला उभं करून ठेवलेलं. चिटपाखरू नव्हतं तिथे.

"रफिकभाई, तुम्ही इथे कुठे?"

"तुम्हीच धाडं ना, साहेब."

"मी?"

"कागदवर तुमनी सही शे. विनयभाऊनी दखाडी माले."

रफिकभाई अहिराणीत बोलतात, मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. अमळनेरला आमच्या घरच्या गाद्या त्यांच्या वडिलांनी भरल्या होत्या. आता सगळीकडे मशीन आलं. हाताने पिंजणारे उरले दोन-चार, त्यांतले हे एक. समितीने त्यांना दिवाळीनंतर निरोप पाठवला होता, की हाटासाठी चाळीस रजया तयार करा, हातपिंजणीच्या, सगळ्या खपतील. त्यांनी दीड महिना दुसरं काही केलं नाही. लग्नसराईतल्या गाद्यांची नेहमीची कामं दुसऱ्यांकडे पाठवून दिली. ती गिऱ्हाइकं परत येतील की नाही, देव जाणे. चाळीस रजया त्यांनी आणि त्यांच्या बायकोने हाताने शिवल्या होत्या. टाके बघितले मी. सरळ, बारीक, एकसारखे.

"थंडी आमनाकडे दोन महिना ऱ्हास, साहेब," ते म्हणाले. "मंग कोन लेस रजई? उन्हायामा कोनले दखाडू?"

मी हातातली रजई गठ्ठ्यावर परत ठेवली.

"चूक काय व्हयनी मन्ही, तेवढं सांगा फक्त."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. माझ्या सहीने या माणसाला उचलून टँकरशेजारी टाकलं होतं, आणि तो मलाच माझ्या सहीचं कारण विचारत होता. मला लाज वाटली. इतकी, की मी "बघतो, बघतो" म्हणत तिथून निघालो. सरकारी नोकरीत शिकलेले शब्द ऐन वेळी बरोबर तोंडात येतात.

विनयभाऊ स्टेजवर माइक तपासत होते.

"भाऊ, मी जाळ हलवायला सांगितलं होतं."

"तुम्ही अंतर सांगितलं होतं, साहेब. पंधरा मीटर म्हणालात, आम्ही साठ दिले."

"पण माणूस का हलवला?"

"जाळ हे मुख्य आकर्षण आहे. पत्रिकेत छापलाय. रफिकभाई पत्रिकेत नाहीत."

मी मृणाल मॅडमकडे वळलो. म्हटलं, खरा कापूस काढून हा नकली का ठेवला? आणि हा तर जास्त वाईट जळतो.

"सर, खरा कापूस फोटोत पिवळट दिसतो," त्या म्हणाल्या. "हा जास्त कापसासारखा वाटतो."

कपाशीवर जगणाऱ्या जिल्ह्यात, जिनिंगांच्या पट्ट्यात उभं राहून त्या हे बोलल्या, आणि दोघा-तिघांनी मान डोलावली. खरं तर मी तेव्हाच सही मागे घ्यायला हवी होती. घेतली नाही. नकली कापूस जाळापासून लांब न्या, एवढं सांगितलं. सकाळी लवकर येतो म्हणालो, स्कूटर काढली आणि घरी आलो. शूर माणसांची गोष्ट वाचायला बसला असाल तर क्षमा करा.

उद्घाटनाच्या सकाळी दहाला पोचलो. भरीतवाले नुकतेच आले होते. त्यांचे म्होरके देवराम नाना. रावेरकडचे केळीवाले शेतकरी. पंचक्रोशीत कुठेही मोठी भरीत पार्टी असली की वांगी भाजायला नानांना बोलावतात. सत्तरीचा माणूस, डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणं. सोबत गावातली चार माणसं आणि ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीत वांगी, लसणाच्या पातीच्या जुड्या, भरीत कुटायची होडीसारखी लाकडी बडगी. आणि मागच्या बाजूला स्वतःच्या शेतातल्या पऱ्हाट्यांचे भारे.

"नाना, पऱ्हाट्या तर इथे आहेत की," विनयभाऊ म्हणाले. "ढीग रचून ठेवलाय तुमच्यासाठी."

"असू द्या," नाना म्हणाले. "दुसऱ्याच्या काट्यांवर माझा भरवसा नाही."

ते मांडवात आले. समितीने जाळासाठी टाइल्सचा चौकोनी खड्डा केला होता. कडेने एलईडीच्या पट्ट्या लावल्या होत्या. नानांनी खड्ड्याकडे पाहिलं. वर छताच्या कापडाकडे पाहिलं. मग ढिगातली एक काडी उपसली, नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"याले काय लावेल हाये?"

"गोल्डन स्प्रे," मृणाल मॅडम म्हणाल्या. "लाइटमध्ये छान चमकतं."

"याच्यावर भाजलेलं वांगं तुम्ही खासान का, बाई?"

मी नानांच्या हातातून काडी घेतली आणि मीही हुंगली.

आता खरं सांगतो. मी त्या ढिगाला दोन दिवसांत दोनदा फेरी मारली होती. अंतर मोजलं होतं. उंची लिहून घेतली होती. काड्या सोनेरी दिसत होत्या ते मला उन्हाचं वाटलं. वास घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. रंगाचा स्प्रे म्हणजे पेट घेणारं द्रावण. त्याचा थर बसलेल्या काड्यांना पाहुण्यांनी काडी लावली असती तर जाळ नानांच्या सवयीचा उठला नसता, एकदम भडकला असता. पाहुणे खड्ड्यापासून हातभर अंतरावर, आणि वर कापडाचं छत. तीस वर्षांचा अनुभव आणि सर्टिफिकेटं माझ्या फाइलमध्ये होती, आणि अक्कल त्या टोपीवाल्या माणसाच्या नाकात होती.

"अन् छताखाली भरीत भाजतात का कोणी?" नाना आता पेटले. "काहाले? धूर कुठी जाईन? वाऱ्याकडे पाठ करून मोकळ्या वावरात भाजा लागते. मी अठी काडी लावणार नाही. वांगी परत नेतो."

"नाना, पाहुणे अकराला येतायत!"

"मग त्यांले पोहे द्या."

विनयभाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पत्रिकेत छापलेलं मुख्य आकर्षण ट्रॉलीत चढायला लागलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, रस्त्यापलीकडे पाहिलं आणि त्यांना एकदम सुचलं.

"पार्किंगचा प्लॉट! मोकळा आहे. तिथे भाजा, नाना. चालेल?"

नाना बाहेर जाऊन प्लॉट बघून आले. चिमूटभर माती हातातून सोडून वारा कुठला आहे ते पाहिलं. चालेल म्हणाले.

"झालं तर मग," विनयभाऊ मांडववाल्यांकडे वळले. "त्या पिंजाऱ्याला अजून मागे सरकवा रे. गटारीपलीकडे."

तेव्हा मला संताप आला. कालचा उरलेला आणि आजचा ताजा, दोन्ही एकत्र.

"भाऊ, रफिकभाई मांडवात जातील. त्यांच्या मूळ जागेवर."

"साहेब, आता या सगळ्याला वेळ नाही."

"वेळ नाही म्हणूनच सांगतोय. जाळ बाहेर गेला. मग कापूस आत यायला माझी हरकत नाही. हा रंगीत ढीग बाहेर काढा आणि तो नकली कापूस पोत्यात भरा. नाहीतर मी माझी सही मागे घेतो, आणि ते पाहुण्यांना स्वतः सांगतो."

"तुम्ही असं करणार?"

"मी रिटायर झालोय, भाऊ. माझी बदली होत नाही."

विनयभाऊंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ओरडले, "उचला रे!" भव्यतेचा एक फायदा असतो, हाताखाली माणसं भरपूर असतात. ढीग वीस मिनिटांत ट्रॉलीत गेला. रजयांचे गठ्ठे डोक्यावरून रस्ता ओलांडून मांडवात आले. मीही दोन आणले. रफिकभाई पिंजण खांद्यावर घेऊन मागून आले. त्यांना पहिल्या दिवशीची जागा मिळाली, ऐन मधोमध. मृणाल मॅडम खुर्चीवर बसून होत्या. त्यांचा मातीपासून मायेपर्यंतचा प्रवास रस्त्यात तुटला होता.

पाहुणे साडेअकराला आले. त्यांनी प्लॉटवर नानांच्या पऱ्हाट्यांना काडी लावली. वारा जरा फिरला आणि सगळा धूर पुढच्या रांगेतल्या मान्यवरांवर गेला. भाषणं आटोपशीर झाली. याचं श्रेय अजून कोणी नानांना दिलेलं नाही.

दुपारी मी घरी जाऊन जेवलो आणि समाधानाने झोपलो. बायकोला सगळी हकिकत सांगितली. कशी सही मागे घ्यायची धमकी दिली, कसा न्याय मिळवून दिला. तिने दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा ती उठून आत गेली.

संध्याकाळी पाचला ऐटीत हाटात गेलो. प्लॉटवर तोबा गर्दी. नानांची माणसं भाजलेली वांगी सोलत होती, बडगीत कुटत होती, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. लोक सतरंज्यांवर बसून भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या खात होते. खाणारे उठत नव्हते, येणारे थांबत नव्हते.

मग मांडवात गेलो. मांडवात कोणी नव्हतं. म्हणजे पापडवाल्या ताई स्वतःच भरीत आणायला गेल्या होत्या. बांगड्यावाला मोबाइल बघत होता. आणि ऐन मधोमध, मानाच्या जागेवर, रफिकभाई. समोर चाळीस रजयांची चळत. मी मोजली नाही, पण सकाळी होती तेवढीच दिसत होती.

"काय, रफिकभाई?"

"शे ना, साहेब. बरं शे."

"किती गेल्या?"

"दोन पोऱ्या उन्यात. पिंजणसंगे फोटू काढा, गयात."

मी खुर्ची ओढून बसलो. म्हणजे दोन मुली आल्या, फोटो काढून गेल्या; रजई एकही गेली नव्हती.

"साहेब, एक सांगू का? राग नका मानू."

"बोला."

"माले तठेच बरं व्हतं."

"कुठे?"

"तठे. टँकरजोडे."

मी मान वळवून प्लॉटकडे पाहिलं.

"लोके बठ्ठा तठे शेतस," ते मला समजावून सांगायला लागले, अगदी हळू, मोठ्या माणसाला दुखवू नये म्हणून. "जेवी ऱ्हायनात. दिन बुडना का त्यासले थंडी वाजी. आठे मी कोनले रजई दखाडू? त्या खांबले?"

"मग सकाळी का नाही बोललात?"

"इचारं कोनी माले?"

मी उठलो. पुन्हा प्लॉटवर गेलो. टँकरपासून नानांच्या जाळापर्यंत पावलं टाकली. चाळीस पावलं, म्हणजे पंचवीस मीटरच्या वर. वारा टँकरकडून जाळाकडे. ठिणगी उडाली तरी उलट दिशेने जाणार. शेजारी पाण्याचा भरलेला टँकर. सगळ्या हाटात रजया ठेवायला त्याहून सुरक्षित जागा नव्हती. कालपर्यंत तिथे कुत्रं फिरकत नव्हतं म्हणून ती शिक्षा होती. सकाळी जाळ तिकडे गेला आणि ती हाटातली सगळ्यात चांगली जागा झाली. मी ज्या घटकेला त्यांना तिथून सन्मानाने उचललं, नेमकी त्याच घटकेला.

अट एकच घातली. पिंजण आणि सुटा कापूस मांडवातच राहील. बाहेर फक्त शिवलेल्या रजया, घडी घालून. रफिकभाई म्हणाले, कबूल. मांडववाल्या पोरांना पुन्हा बोलावलं. त्यांच्यातला एक जण गठ्ठा डोक्यावर घेताना म्हणाला, "साहेब, हा माल नक्की कुठं राहायला जातोय ते एकदा फायनल सांगा."

सूर्य मावळला. आमच्याकडे उन्हाळ्याचं फार बोललं जातं, पण पौषातली संध्याकाळ मोकळ्या प्लॉटवर काढून बघा. सतरंजीच्या कडेला एक म्हाताऱ्या अक्का पदर डोक्यावरून ओढून बसल्या होत्या. घरचे दुसऱ्यांदा भरीत आणायला गेले होते. रफिकभाई उठले आणि एक रजई उलगडून त्यांच्या खांद्यावर टाकली.

"लेवानी नका, अक्का. नुसती पांघरीसन दखा."

अक्कांनी पांघरून पाहिली. घरचे आले, तरी त्या उठेनात. मुलगा म्हणाला, आई, ती परत दे. अक्का म्हणाल्या, "तू दे तुन्हं जाकीट, मंग मी देस." मुलाने निमूट रजई घेतली. ते पाहून शेजारच्या सतरंजीवरच्या बाईंनी एक मागितली. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. रफिकभाई फारसं बोलत नव्हते. रजई उलगडायची, खांद्यावर टाकायची आणि बाजूला उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची रजई गेली. संध्याकाळी नानांनी स्वतःसाठी मागितली तर उरलीच नव्हती. रफिकभाईंनी त्यांचं नाव लिहून घेतलं. त्या वहीत आणखी पंधरा-वीस नावं होती. निघताना ते मला भेटायला आले आणि माझे दोन्ही हात हातात धरले. माझेच डोळे भरून आले.

समारोपाच्या भाषणात विनयभाऊंनी समितीच्या दूरदृष्टीचा उल्लेख केला. खाणं आणि रजई शेजारी ठेवण्याची कल्पना त्यांची होती, हे मला तिथेच कळलं. पुढच्या वर्षी तिथे 'रजई झोन' करणार आहेत. मृणाल मॅडम संकल्पना लिहीत आहेत.

मी मात्र घरी येऊन माझा रिपोर्ट पुन्हा वाचला. त्यात सगळं होतं. अंतर, दारं, सिलिंडर, वायरिंग. दोन दिवसांत त्या माणसाला तीनदा उचललं गेलं. पहिल्यांदा समितीने उचललं तेव्हा विचारलं नाही. त्यांच्याकडून माझी अपेक्षाही नव्हती. दुसऱ्यांदा मी उचललं, आणि मीही विचारलं नाही. मी तर त्याचं भलं करत होतो, मग विचारायचं कशाला? तिसऱ्यांदा त्याने स्वतः सांगितलं, तेव्हा काम झालं.

हल्ली मी कुठल्याही साइटवर गेलो की मोजायची टेप नंतर काढतो. ज्याला हलवायचं आहे त्याच्याजवळ आधी बसतो आणि विचारतो, भाऊ, तुम्हाला कुठे बरं पडेल? रिपोर्टच्या छापील फॉर्ममध्ये या उत्तरासाठी रकाना नाही. मी ते समासात लिहितो.